पोटातला आकडा

सावरीनमो येते ती जर्दाळूंनी चिकट झालेले हात
ओढणीला पुसत.
"झैनुरा, या डबीनं आज पुन्हा पैसे खाल्ले."
मी कानातली बाळी काढते,
तिची तार फोनच्या बारीक भोकात घालते.
दुकानात यासाठी वेगळं अवजार नाही.

खण बाहेर येतो.
आत नखाएवढा तुकडा, एक कोपरा छाटलेला,
कुणी उलटा बसवू नये म्हणून.
"एवढंसंच?" ती म्हणते. दरवेळी म्हणते.
"माझा नंबर यात मावतो?"

नाही, मावशी, नंबर यात नसतोच.
तो दुशान्बेत, कंपनीच्या वहीत.
यात तुझं दुसरंच नाव आहे, पंधरा आकडी,
तुला ठाऊक नसलेलं,
मॉस्कोत विटा वाहणाऱ्या तुझ्या शोदीबेकलाही नाही.
टॉवरलासुद्धा ते होता होईतो एकदाच सांगायचं.
पुढं तो टोपणनावानं हाक मारतो
आणि डोंगर ओलांडलास की टोपणनावही बदलतो.

त्याच्याही आत एक आकडा आहे.
जन्मतानाच दोघांना वाटून दिलेला:
एकदा या तुकड्याला, एकदा दुशान्बेतल्या यंत्राला.
त्यानंतर आयुष्यभर
दोघांपैकी कुणी तो उच्चारायचा नाही.

मग ओळख कशी पटते?
तिकडून वाटेल तो एक आकडा येतो, दरवेळी नवा.
हा तुकडा तो पोटातल्या आकड्यात कालवतो
आणि जे निघेल तेवढंच परत धाडतो.
तिकडंही तसंच कालवून ठेवलेलं असतं.
जुळलं, की आपलं माणूस.
पोटातलं ओठांवर येत नाही.
वाटेत कान लावून बसलेल्याच्या हाती
नुसतं खरकटं.

(तिचा पिन मात्र साऱ्या गावाला पाठ आहे.
पाच गिऱ्हाइकं उभी असताना
तिनं तो मला ओरडून सांगितला होता.)

सावरीनमो थोडा वेळ गप्प.
"आईचा नान असाच," म्हणते.
"पिठात काय घालायची ते कुणाला सांगितलं नाही.
पण घास घेतला की कळायचं, कुणाच्या तंदूरचा."

मी तिला दाराशी नेते.
समोर पांज, वितळलेल्या बर्फानं गढूळ,
दगड मारला तर पलीकडे पडेल एवढीच रुंद.
पलीकडे अफगाणांचा टॉवर.
आपला खडकाच्या आड आहे, मावशी,
तुझ्या गोठ्याला तो पलीकडचाच जवळ.
फोनला सरहद्द दिसत नाही, त्याला ऐकू येतं फक्त.
तो परका टॉवर दुशान्बेला विचारतो,
इथं एक आलीय, तुमची म्हणते, काय करू?
दुशान्बे गुपित देत नाही.
एक प्रश्न देते आणि त्याचं उत्तर काय यायला हवं तेवढं.
परक्याच्या दारात उभं राहून
तुझा तुकडा बरोबर उत्तर देतो.
त्याचे पैसे पडतात.

"हो," ती म्हणते, नदीकडे बघत.
पुलावर शनिवारचा बाजार भरायचा तेव्हा
पलीकडची एक बाई तिच्याजवळ आली होती,
तुझ्या आत्याची नात म्हणाली.
कागद दोघींकडेही नव्हता.
सावरीनमोनं विचारलं,
पणजोबा शेळ्या कशा बोलवायचे?
बाईनं सांगितलं नाही काही.
दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली,
शेवटी जराशी तुटणारी.
शिपाई वळून बघायला लागले.

त्यानंतर दोन शनिवार. मग पूल बंद.

"रोमिंग बंद करून देऊ?"
"कर की. पैसे काय झाडाला लागतात?"
मी बंद करते, खण आत ढकलते,
पडद्यावर आमच्या टॉवरची एकच दांडी उगवते, विझते, उगवते.
ती मूठभर जर्दाळू काउंटरवर ठेवून निघते.
उंबऱ्यावर थांबते.

"संध्याकाळी गोठ्याशी गेल्यावर
ते परत सुरू कसं करायचं,
तेवढं दाखव."

मी दाखवते. दोनदा.
ती गेल्यावर बाळी कानात घालायला घेते
आणि भोक पटकन सापडत नाही.